शिळं पाणी

"सलीमभाई, तुमच्या त्या औषधानं मासा मेला! आधी इकडं या."

फोनवर धाराशिवातल्याच एक काकू होत्या. मी वर्षानुवर्षं अ‍ॅक्वेरियम लावून देतो, मासा मेल्याचे फोन मला नवे नाहीत. पण हा मनाला लागला. काका एसटीत मेकॅनिक होते. रिटायर झाले आणि लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं बंद. भिंतीकडं तोंड करून पडायचे, घास घ्यायचे नाहीत. समोर मी बसवलेल्या टाकीत चार गोल्डफिश आल्यावर माणूस खुर्चीत बसला, त्यांच्याकडं बघत बघत भाकरी खायला लागला.

आणि 'औषध' म्हणजे बॅक्टेरियाची बाटली. माशांच्या घाणीचा पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. तो खाणारे बॅक्टेरिया नव्या टाकीत नसतात, आपोआप तयार व्हायला महिना-दीड महिना जातो. म्हणून बाटलीतले सोडायचे. मी सोडले होते, टेस्ट घेऊनच मासे घातले होते. मग चुकलं कुठं?

गेलो तर उरलेले तीन मासे वर येऊन तोंड वासत होते. काका पुन्हा भिंतीकडं तोंड करून. टेस्ट केली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गर्द हिरवं झालं. अमोनिया!

"काकू, पाणी बदललं का?"

"बदलणार न्हाय तर काय! चार दिवसांमागं नळ आला. घरातलं सगळं शिळं पाणी ओतलं, हंडे घासले, ही टाकी पण घासली. पाणी गाळायचा तो स्पंज लई चिकट झालता, पावडर लावून धुतला."

झालं! माझे सगळे बॅक्टेरिया मोरीतून गेले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, स्पंज कशाला धुतला? बॅक्टेरिया त्याच्यातच राहतात! नायट्रोजन सायकल तुटली ना!"

काकूंचा चेहरा उतरला. "मला काय कळतंय बाबा ते. ह्यांच्या डोळ्यांसमोर घाण नको म्हणून केलं." आणि पदर डोळ्याला लावला.

लाज वाटली मला. पहिल्या दिवशीही मी हेच इंग्रजी बडबडून गेलो होतो. खाली बसलो.

"काकू, दुधाला विरजण लावलं की भांडं मधेच घासता का?"

"याडी हाय का मी?" त्या थांबल्या. स्पंजकडं बघितलं. "अगं बाई! विरजण व्हय ते? मग आधी सांगायचं की हो!"

अर्धं पाणी बदललं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, तेही बॅक्टेरिया मारतं. म्हणून ते उतरवायचे थेंब घातले. दुकानातल्या जुन्या टाकीचा मळका स्पंज आणून बसवला, नवी बाटली ओतली. मग रोज सकाळी जाऊन टेस्ट घ्यायची आणि लागेल तसं पाणी बदलायचं. पाचव्या दिवशी नळी पिवळी राहिली. तिन्ही मासे वाचले. काका खुर्चीत आले.

नंतर एकदा टाकी बघायला गेलो आणि नेमका नळ आला. गल्लीभर बादल्या वाजायला लागल्या. काकू सवयीनं बादली घेऊन टाकीकडं वळल्या. काकांनी डावा हात आडवा घातला. तोंड वाकडं झालं, पण शब्द बाहेर आला.

"ऱ्हाऊ दे... शिळं."

काकूंनी बादली खाली ठेवली. "बोलले हो! ऐकलं का सलीमभाई?"

ऐकलं.

आता टाकी बसवताना मी इंग्रजी बोलत नाही. आधी विचारतो, तुमच्याकडं नळ कितव्या दिवशी येतो?