एक जूनचे जुळे

"तुमच्या प्रोग्रॅममध्ये बग आहे, मॅडम." कर्णिक साहेबांनी प्रिंटआउट माझ्या टेबलावर आपटला. "निम्मी फॅक्टरी एकाच दिवशी कशी जन्मेल?"

कर्णिक आमचे नवे पर्सोनेल मॅनेजर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुर्भ्याला एमआयडीसीत आमचा केमिकलचा कारखाना होता. मी तिथे ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये, प्रोग्रॅमर होते. साहेब कुठल्याशा फाइव्ह स्टार सेमिनारमधून एक आयडिया उचलून आले होते. प्रत्येक कामगाराला वाढदिवसाला कार्ड द्यायचं. त्यावर वय, तेही वर्षं-महिने-दिवसांत. जन्माचा वार. आजवर किती पौर्णिमा झाल्या, हृदय किती वेळा धडधडलं. त्याच जन्मतारखेचा आणखी कोण कारखान्यात आहे. रिॲक्टरवरचा एक्झॉस्ट फॅन पावसाळ्यापासून बंद पडलेला, आणि आम्ही खालच्या माणसाच्या पौर्णिमा मोजणार!

प्रोग्रॅम सोपा होता. आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची. लीप वर्षाचा जादा दिवस सांभाळला की वार बरोबर येतो. हृदयाचे ठोके म्हणजे शुद्ध थाप. मिनिटाला बहात्तर धरायचे आणि गुणत सुटायचं.

"बग नाही, सर," मी म्हटलं. "पूर्वी गावात जन्माची नोंद कोण ठेवायचं? पोराला शाळेत घातलं की मास्तर एक जून लिहून मोकळे. शाळा जूनला सुरू व्हायची ना."

"एवढे सगळे?"

"इथल्या शिरवणे गावचे, साताऱ्याचे, सगळीकडचे."

साहेबांच्या डोक्यात शिरलं ते वेगळंच. "मग एक जूनला ग्रँड फंक्शन करू! एमडींना बोलावू."

केलं. कॅन्टीनमध्ये केक, माईक, फोटोग्राफर. साहेब कार्डं वाचू लागले आणि एकदम खुलले. "आपल्याकडे जुळे भाऊ आहेत! वडील एक, तारीख एक, वर्षही एक! हिराजी आणि बाळाराम, कम ऑन स्टेज!"

दोघे शिरवण्याचे. हिराजीचं डोकं पांढरं, बाळारामचं काळंभोर. कॅन्टीन हसून लोळायला लागलं.

"जुळे नाय, साहेब," बाळाराम माईकमध्येच म्हणाला. "यो माझा दादा हाय. चार वर्सांनी मोठा. आईनी दोगांना एकाच दिसी शाळेन घातला."

एमडी पोट धरून हसले. कर्णिक हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी हिराजीच्या हातात शो-कॉज नोटीस. वय लपवून नोकरी मिळवल्याचा आरोप. सिद्ध झाला असता तर चार वर्षं आधी घरी, किंवा थेट डिसमिस. त्याची धाकटी मुलगी अजून नर्सिंग शिकत होती.

हिराजी माझ्याकडे आला. "मॅडम, तुमच्या मशीननी मना म्हातारा केला."

मी रागानं तशीच उठून कर्णिकांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, त्यानं काय लपवलं? तारीख मास्तरांनी लिहिली. तेव्हा तो चड्डीत होता."

"फॅक्ट इज फॅक्ट. मेडिकल करू. सायंटिफिकली ठरवू."

दोघांना वाशीच्या एका डॉक्टरकडे पाठवलं. दात बघितले, हाडांचे एक्स-रे काढले. लहान मुलाचं वय हाडांवरून बऱ्यापैकी कळतं. पंचविशीनंतर हाडं जुळून गेलेली असतात, मग डॉक्टरही अंदाजच करतो. पण साहेबांना सायन्स हवं होतं, ते मिळालं. सर्टिफिकेट आलं: हिराजी अंदाजे पंचेचाळीस, बाळाराम अंदाजे पन्नास. बाळारामचे दात तंबाखूनं खाल्ले होते.

युनियनचे पाटील सर्टिफिकेट घेऊन सरळ केबिनमध्ये शिरले. मी तिथेच होते.

"काय साहेब, आता दादा कोनाला म्हनायचा? आईचं बाळंतपन परत करायचं का?"

कर्णिकांनी संध्याकाळी नोटीस मागे घेतली. बाळारामनं गेटवर दादाला खांद्यावर उचललं, हिराजी शिव्या घालत होता.

कार्डं बंद झाली. 'एम्प्लॉयी रिस्पॉन्स पुअर,' असा कर्णिकांनी रिपोर्ट दिला. वर्षभरात ते जास्त पगारावर दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे इंटरव्ह्यूत त्यांनी बर्थडे प्रोग्रॅम स्वतःची कल्पना म्हणून सांगितला, असं कानावर आलं. एक्झॉस्ट फॅन त्यांच्यानंतर आलेल्या माणसानं दुरुस्त करून घेतला.

पुढे हिराजी आणि बाळाराम कागदाप्रमाणे एकाच दिवशी रिटायर झाले. मुलगी तोवर नोकरीला लागली होती.

तारखेतून तारीख वजा केली की आकडा येतो. त्याला वय समजणाऱ्या साहेबासाठी प्रोग्रॅम लिहायचा असेल, तर पौर्णिमा मोजण्यावरच थांबावं; त्यांच्यावरून कुणाला नोटीस निघत नाही.