मार्थाच्या अंथरुणासमोरची देवळी

मार्थाला घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं तोवर माझी प्रार्थना आतून बंद पडली होती. तोंडाने मी रोज जपमाळ म्हणायचो. मनात मागणं एकच, माझ्या बायकोला बरं कर. पण ते कुणी ऐकत असेल, यावर विश्वास उरला नव्हता. आम्ही मूळचे इंदापूरकडचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिच्या उपचारांसाठी बारामतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. खाली घरमालक तात्या, त्यांच्या पत्नी काकू आणि मुलं, वर आम्ही दोघं.

आता चर्चला जाणं व्हायचं नाही, तर घरातच प्रार्थनेची जागा करा, मला पडल्या पडल्या दिसेल अशी, एवढंच मार्थाने मागितलं. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, आटोपून फादर तिच्यासाठी पवित्र कम्युनियन, म्हणजे प्रभूच्या प्रसादाची भाकर, घेऊन येणार होते. शनिवारी दुपारी मी स्टुलावर पांढरं कापड घातलं, त्यावर क्रूस आणि मारियामातेची मूर्ती ठेवली. पण मार्थाला मान उचलता येत नव्हती. स्टूल कुठेही सरकवलं तरी तिला दिसेना. समोरच्या भिंतीला घरमालकांचं जड कपाट होतं. दुसऱ्याच्या घरात क्रूसासाठी खिळा ठोकू का, हे विचारायला मी कचरत होतो. एवढीशी गोष्टही तिच्यासाठी जमू नये, म्हणून मूर्ती मांडीवर घेऊन मी जमिनीवरच बसलो.

दार उघडंच होतं. तात्या गच्चीवरची टाकी बघायला निघाले होते, ते मला तसं बसलेलं बघून थबकले. काय झालं विचारलं. मी सांगितलं. ते टाकी न बघताच खाली उतरले. त्यांना राग आला असावा, असं वाटून मी सामान आवरू लागलो.

थोड्या वेळाने ते थोरल्या मुलाला आणि काकूंना घेऊन वर आले. बापलेकांनी कपाट बाजूला ओढलं. मागे भिंतीत एक देवळी होती, दिव्याच्या काजळीने काळी पडलेली.

"आमच्या आईचं देव हितं व्हतं," तात्या म्हणाले. "खाली नेल्यापासनं जागा मोकळीच हाय. तुमचा देव बसवा, गुरुजी."

घरात कुणाला खटकणार नाही ना, असं मी विचारलं.

"देवाला जागा द्यायची, त्यात कुणाला काय इचारायचं?"

काकूंनी ओल्या फडक्याने देवळी पुसली. काजळी पूर्ण निघाली नाही. मी कापड अंथरलं, क्रूस उभा केला, शेजारी मूर्ती ठेवली. मागे वळून पाहिलं तर मार्था तिकडेच बघत होती.

रविवारी फादरांनी त्या जागेला आशीर्वाद दिला. मार्थाने कम्युनियनचा अगदी लहानसा तुकडा चमचाभर पाण्याबरोबर घेतला. सगळे गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"अहो, मला बरं करावं असं आता मागू नका. देवाला काय करायचंय ते करू दे. तुम्ही नुसते माझ्याजवळ बसा."

मला ते लगेच जमलं नाही. पुढे कित्येक दिवस जुनंच मागणं ओठावर यायचं. मग एका दुपारी तिचा श्वास लांबत गेला. डोळे देवळीकडे होते. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "प्रभू, ही तुझी आहे, तू सांभाळ." हे शब्द मी ठरवून म्हटले नव्हते. बऱ्याच महिन्यांनी वाटलं की आपलं बोलणं कुणी ऐकतंय. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

जे मागितलं ते मला मिळालं नाही. तरी माझे हात रिते राहिले, असं मला म्हणवत नाही. आता संध्याकाळी त्याच देवळीसमोर एकटाच जपमाळेला बसतो. तिचं नाव घेतो, खालच्या घरातल्या सगळ्यांची नावं घेतो, आणि मग काही न मागता थोडा वेळ तसाच बसून राहतो.