चावीचं घड्याळ

सडा टाकून झालेला, चूल पेटलेली आणि माझे हात शेणानं भरलेले... तेवढ्यात हे खुंटीवरचं माझं घड्याळ काढायचे, चावी द्यायचे आणि माझ्या कानाला लावायचे. "चालू हाय का बघ." रोज सकाळी एवढंच.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला ह्यांनी हिंगोलीहून आणलेलं ते घड्याळ. पांढरी गोल तबकडी, तपकिरी पट्टा. आमच्या साखरा गावात तेव्हा बाईच्या मनगटावर घड्याळ दिसलं की बायका वळून बघायच्या... घड्याळ वाचायला मला ह्यांनी शिकवलं. अक्षरं मात्र नंतर माझी मीच गोळा केली.

पुढं आजारपणात ह्यांची बोटं थरथरायला लागली. मग चावी मी द्यायचे आणि घड्याळ ह्यांच्या कानाला लावायचे. हे डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे.

हे गेले त्या दिवशी बायकांनी बांगड्यांबरोबर घड्याळही उतरवलं. तेव्हा विचारायचं सुचलं नाही. नंतर खूप शोधलं, सापडलं नाही.

औंढ्याला दिलेली माझी लेक सुरेखा गेल्या आठवड्यात आली. फोनवर शोधून शोधून तिनं हुबेहूब तसंच घड्याळ मागवलेलं... मी जरा बिचकलेच. शेजारी बसलेली जाऊ म्हणाली, "घाला की बाई. घड्याळ हाय ते, बांगडी न्हाई. अन् कोणी बोललंच तर त्यालाच टाइम सांगा!"

घातलं. फार बरं वाटलं... पण सकाळी चहाच्या वेळी पाहते तर काटे थांबलेले. सुरेखानं काटे जुळवून सुरू करून दिलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. "फसवलं मला," म्हणाली, आणि चेहरा एवढासा झाला तिचा. शेवटी दोघी जीपनं हिंगोलीला गेलो.

दुकानदार घड्याळ बघून हसला. "मावशी, तुमी रोज ही चावी ओढून ठेवून राहिल्या. हे सेलवर चालतं. याला चावी द्यायचीच न्हाई."

"काहून ओढतीस आई?"

मला खरंच माहीत नव्हतं... उठल्याबरोबर बोटं आपोआप तिकडं जात होती. चावी बसत नाही म्हणून ओढून बघत असणार. इतक्या वर्षांनी बोटांना आठवण होती, मलाच नव्हती.

मी विचारलं, "चावीचं एखादं मिळंल का?" त्यानं ड्रॉवरमधून एक जुनं, दुरुस्त केलेलं काढलं. चौकोनी, काळी तबकडी, काचेवर ओरखडा.

"हे तर बिलकुल त्याच्यासारखं न्हाई," सुरेखा हिरमुसली.

मी चावी दिली, कानाला लावलं... आणि तशीच उभी राहिले. मग तिच्याही कानाला लावलं. लहानपणी तिनं रोज पाहिलेलं होतं ते. तिनं माझा हात धरला.

ते चावीचं मी घेतलं आणि तिनं आणलेलं घड्याळ तिच्याच मनगटावर बांधलं. तिच्या हातात मला ते दिसत राहील. तिनं इतक्या मायेनं शोधलं नसतं तर मी काही त्या दुकानाची पायरी चढले नसते.

संध्याकाळी ती औंढ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सडा टाकला, हात धुतले, घड्याळाला चावी दिली. मग सुरेखाला फोन लावला आणि घड्याळ फोनजवळ धरून म्हटलं, "चालू हाय का बघ."