नखावरचा तेलाचा थेंब

नातीच्या डोक्याला तेल लावताना एक थेंब माझ्या नखाच्या मुळाशी पडला आणि सोलापूरच्या दवाखान्यातली ती डॉक्टरीण आठवली. अजून राग येतो.

ह्यांना कुष्ठरोग झाल्याचं कळलं तेव्हापासून हे मला शिवू देत नव्हते. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. हात पाण्यात भिजवून त्यांवर तेलसुद्धा स्वतःच चोळायचे. "लांब ऱ्हा, तुला व्हईल," म्हणायचे. आणि तिथं त्या पोरीनं ह्यांचा हात सरळ हातात घेतला, नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या बघायच्या होत्या म्हणे.

"काही वाकड्या झाल्यात, काका. पण बऱ्याच चांगल्या आहेत," ती म्हणाली आणि हे हसले. घरी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

"हात धरला तर चालतंय व्हय?" मी तुटकपणे विचारलं.

"चालतं की, मावशी. औषध चालू आहे, आता भीती नाही."

परतताना एसटीत मी ह्यांची बोटं पदराखाली धरली ती आमचं मंद्रूप येईपर्यंत सोडली नाहीत. हे खिडकीबाहेर बघत होते. उतरायची वेळ आली, खाली बघितलं, तेव्हा कुठं ह्यांच्या ध्यानात आलं. बोटांना स्पर्शच कळत नव्हता.

म्हणजे तिचा हातही ह्यांना कळला नसणार. मग हसले कशाला, ते विचारायचं राहूनच गेलं.