टोमॅटोच्या रंगाची फुली

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात कॉम्प्युटरची जावा भाषा शिकून वारूळवाडीला परत आलो होतो, आणि डोक्यात नुसती हवा. जवळच्या एका भाजीरोपांच्या नर्सरीला बुकिंगचा प्रोग्रॅम करून दिला होता. कुणाला टोमॅटोची किती रोपं, कोणत्या तारखेला — एवढंच. चालत होता की गुमान! पण स्क्रीनवर त्याच्या खिडकीच्या माथ्याला असायची ती निळी पट्टी मला खुपायला लागली. तसली पट्टी तर प्रत्येक कॉम्प्युटरवर. मग आपलं वेगळं काय?

मी ती काढूनच टाकली. तिच्या जागी स्वतःची हिरवी पट्टी, नर्सरीचं नाव, गोल कोपरे, आणि बंद करायला टोमॅटोच्या रंगाची फुली. मालक म्हणाले, "लई भारी, राव!" लोक बघायला यायचे आणि मी — मी फुगायचो.

आता ऐक. जुनी फुली दाबली की प्रोग्रॅम आधी दिवसभराच्या नोंदी साठवायचा, मग बंद व्हायचा. नव्या फुलीला मी फक्त बंद व्हायला शिकवलं. साठवायचं राहून गेलं. रंग निवडण्यात दिवस घालवले, आणि एकदा तपासून बघितलं नाही. काय म्हणावं याला?

नोंदी करायला कविता नावाची पोरगी होती. डोंगरातल्या तळेघरची, घरात भात-नाचणी, आणि खुर्चीवर बसून नोकरी करणारी घरातली ती पहिलीच. नारायणगावात मावशीकडे राहायची. रोज संध्याकाळी ती माझी लाल फुली दाबायची, आणि त्या दिवसाची बुकिंगं पुसली जायची. रोपं द्यायला अजून अवकाश. फुली बदलण्याआधीच्या नोंदी दिसतच होत्या. संशय येणार कुठून?

मग लागवडीला शेतकरी आले. रानं तयार, सऱ्या पाडलेल्या, आणि यादीत नावच नाही म्हणून रोपंच नाहीत. नुसता आरडाओरडा. सगळे कवितावर धावले. ती मालकांना म्हणाली, "म्या लिवलं व्हतं, भाऊ. रोज फुली दाबूनच बंद केलं."

फुली म्हटल्याबरोबर मी स्क्रीनकडं बघितलं. कळलं मला — तिथंच, उभ्या उभ्या. मालक माझ्याकडं वळले. "काय राव, मशीन चुकलं का?"

एक 'हो' पुरे होता. मी म्हणालो, "मशीन कसं चुकेल?"

तिला त्याच दुपारी काढलं. जाताना ती माझ्याकडं बघत होती, आणि मी कीबोर्ड पुसत होतो. ती गेल्यावर फुली नीट करून टाकली, कुणाला न सांगता. घाबरलो होतो का? हो. पण नुसती भीती नव्हती ती. माझी वाहवा मला तिच्या नोकरीपेक्षा प्यारी होती. नालायकपणा, दुसरा शब्द नाही.

चार दिवसांनी तिचे वडील आले. डोंगरातून चालत, मग एसटीनं. मालक नव्हते, म्हणून माझ्यासमोरच हात जोडून उभे राहिले. "साहेब, रानातली पोर हाय. चुकली. तेवढी चूक पदरात घ्या. परत न्हाई व्हायची."

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. "असू द्या," म्हणालो — आणि त्यांना माफ केलं.