बिनआवाजी बाग

आमच्या चाळीत कुणाच्या दाराबाहेर सेफ्टी बूट दिसले की आत माणूस झोपलाय, असं समजायचं. नाइट शिफ्ट करून सकाळी आलेला. मग त्या दारासमोर भांडं आपटायचं नाही, चपला फटफट वाजवायच्या नाहीत, लगोरीचं तर नावच काढायचं नाही. बोईसरच्या कंपन्या तिन्ही पाळ्यांत चालतात, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या दाराशी बूट असायचेच. आमची भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. केस ओढायचे, चिमटे काढायचे, पण तोंडातून हूं की चूं नाही.

मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण धाकटी बहीण पहिलीत गेली आणि शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून विचारलं, "हिला बोलता येतं ना?" घरात माझ्या कानाशी लागून अखंड बडबडणारी पोर वर्गात उभी राहिली की तिचा आवाजच फुटेना. कविता पाठ असायची, ओठ हलायचे, ऐकू कुणालाच यायचं नाही. गॅदरिंगच्या गाण्यातून तिला काढलं. त्या दिवशी घरी येऊन ती रडली, तेही आवाज न करता, कारण बाबा आत झोपले होते. मला इतकी चीड आली, आणि कुणावर काढावी ते कळेना.

मी तेव्हा पालघरला सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आपापल्या भागात लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बांधून दाखवा, असं कॉलेजनं सांगितलं होतं. मी म्हटलं, आमच्या चाळीमागं मोकळी जागा आहे, तिथं बाग करू. मनात एकच होतं, या पोरीला ओरडायला एक जागा मिळावी.

आम्ही पाच जण होतो. चौघं कामगारांची मुलं आणि पाचवी उमरोळीची मैत्रीण, घरची शेती असलेली. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारत वाढलेली ती साधं "पाणी दे" म्हणाली तरी आमच्याकडच्या खिडक्या उघडायच्या.

चाळीची बैठक झाली. सगळ्यात आधी विरोधात कोण उभं राहिलं, तर माझेच बाबा.

"दिवसा झोपणाऱ्यानं जायचं कुठं?" ते म्हणाले. "रात्री मशिनवर डुलकी लागली तर हात जाईल माझा."

शेजारच्या काकांचं बोट असंच गेलं होतं आणि काका समोरच बसले होते. आमच्या घराची मागची खिडकी नेमकी त्या जागेवर उघडायची. उघडायची म्हणजे काय, आईनं तिला कायमची जाड गोधडी लावून टाकली होती. बाग हातची जाणार असं दिसलं आणि मी घाईघाईनं बोलून बसले, "आवाज होणार नाही बाबा. शब्द देते."

मग आम्ही शब्द पाळायच्या मागे लागलो. झोक्याच्या कड्यांना इतकं ग्रीस चोपडलं की पोरांचे फ्रॉक काळे व्हावेत. सीसॉच्या दोन्ही टोकांखाली जुने टायर पुरले. घसरगुंडीखाली वाळू टाकली, फाटकाला रबराची पट्टी ठोकली. कंपनीतून टाकून दिलेल्या, माल रचायच्या लाकडी पॅलेटचे बाक केले, त्यांचे खिळेसुद्धा बाबा कामावर गेल्यावर संध्याकाळी ठोकले. मैत्रीण हे बघून कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"तुमी बाग बांधता का दवाखाना? आमच्याकडं झोका कुरकुरला नाय तर पोरं बसत नाय त्याच्यावर."

आम्ही चौघं एकदम तिला म्हणायचो, "शूऽऽ!" आणि शेवटी, आता सांगायला हसू येतं, मी स्वतः एक पाटी रंगवून फाटकाशी लावली. 'शांतता राखा.'

उद्घाटनाला कॉलेजचे सर आले. नारळ लांब नळापाशी नेऊन फोडला. टाळ्या बोटांच्या टोकांनी वाजल्या. मग पोरं आत आली, झोक्यावर बसली, घसरगुंडीवरून घसरली, आणि एकाच्याही तोंडातून आवाज नाही. बहीण झोक्यावर उंच जात होती, डोळे चमकत होते आणि ओठ घट्ट मिटलेले.

"किती शिस्तीची मुलं!" सर म्हणाले.

मला रडू यायला लागलं. ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप केला, तिला मी कोंडायला आणखी एक घर बांधून दिलं होतं.

तेवढ्यात फाटकातून बाबा आले. लुंगी, बनियन, तारवटलेले डोळे. मी धावत पुढे गेले.

"बाबा, कुणाचा आवाज आला का?"

"आवाज आला न्हाई म्हणून तर आलो. कवापासनं कान लावून पडलोय. म्हटलं, आज पोरांची बाग सुरू व्हायची, आता कालवा हुईल. तर चिडीचूप. म्हटलं कुणी पडलं-बिडलं का काय."

त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं. झोक्याजवळ जाऊन बहिणीला म्हणाले, "वरड की गं."

ती चाळीकडे बघायला लागली. पलीकडे आमच्या दाराशी बूट होते, हे तिला ठाऊक होतं.

"माझंच हायत ती," बाबा म्हणाले. "वरड." आणि झोक्याला जोर देत स्वतःच ओरडले, "हुर्रेऽऽ!"

बाबांचा मोकळा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. बहिणीनं आधी बारीक आवाज काढून बघितला, मग जरा मोठा, आणि तिसऱ्या झोक्याला ती अशी किंचाळली की मैत्रिणीनंही कानांवर हात ठेवले. मग कुणी ऐकतंय! सगळी बाग ओरडायला लागली. वरच्या खिडकीतून कुणीतरी वैतागून म्हणालं, "अरे, सोने दो यार!" बाबांनी खालून हात जोडले, "थोडी देर, भाई! बच्चे हैं!"

थोडा वेळ झोका देऊन ते परत गेले. दिवस कलायला लागला तशी मी घरी गेले, म्हटलं त्यांना निदान चहा तरी करून द्यावा, झोप तर गेलीच असणार. बाहेर पोरांचा धुडगूस चालूच होता आणि बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

मागच्या खिडकीची गोधडी घडी करून त्यांनी उशाला घेतली होती.