कडूबाईची अंबाडी

माझी धाकटी जाऊ कडूबाई, हिच्या पायाला भिंगरी. मी बायनाबाई, थोरली. हिच्या मागं बोंबलत फिरायचं, एवढंच माझ्या नशिबी. माझा दीर लग्नाच्या चौथ्या साली तापानं गेला, तवापासून ती आमच्यातच ऱ्हाती. आमच्या झरी गावात धान्याच्या मातीच्या कोठ्या कराव्यात तर तिनंच. अंबाडीच्या वाखाचे, म्हंजी तिच्या सालीच्या धाग्याचे, बोटबोटभर तुकडे चिखलात टाकून असं तुडवायची की माती वाखाला धरायची आन वाख मातीला. पर साल सुटण्याएवढी अंबाडी पाण्यात नीट भिजली का न्हाई, ते वळखायचं काम माझं. तेवढा दम तिच्यात कधीच नव्हता.

निजामाचं राज व्हतं, जर्मनची लढाई नुकती सुरू झालती. आबासाहेब पाटील तिला म्हणले, "बियाण्यासाठी माणसाएवढी कोठी कर. नीट झाली तर वेशीजवळची जागा तुला. बांध तुझं घर."

कडूबाई हरकून गेली. तिला सोताचं घर पायजे व्हतं आन मला ती. ती गेल्यावर मी भांडू कुणासंगं?

ओढ्याच्या डोहात अंबाडीच्या पेंढ्या बुडवून वर धोंडे ठिवले. धा-बारा दिवस लागतातच. हिचं चित्त थाऱ्यावर न्हाई. सकाळी डोहावर, दुपारी डोहावर, हातातली भाकर टाकून डोहावर.

"अगं बया, अंबाडी कुठं पळून जायलीय का?"

सातव्या दिवशी तिनं मला वढीतच नेलं. मी काडी सोलून पाह्यली. साल चिवट, काडीला घट्ट चिकटलेली. अजून चार दिवस पायजे व्हते.

"झाली का, अक्का?"

मी मान हलिवली. झाली म्हणून.

वाख राठ निघाला, चिखलात त्याचे गोळे व्हायला लागले. तरी तिनं थरावर थर चढविले. वाळताना कोठी वरपासून खालपर्यंत तडकली. आबासाहेब म्हणले, "लिंपून घे, चालतंय." तिनं कुदळ घेतली आन सोताच्या हातानं कोठी फोडली.

घरी येऊन माझ्याफुडं उभी ऱ्हायली. "अक्का, अंबाडी कच्ची व्हती, तुमाला ठावं व्हतं."

"व्हय. तू जाशील म्हणून."

लय लाज वाटली मला. तिनं भांडावं, चार शिव्या द्याव्या, म्हणून दिवसभर मीच तिच्याफुडं घुटमळले. ती भांडली न्हाई. सांजच्याला एवढंच म्हणली, "फुडच्या कार्तिकात, नवी अंबाडी आली की, परत करते. आबासाहेब थांबायलेत. अंबाडी तुमीच बघायची. दुसऱ्या कुणाला मी इचारणार न्हाई."

ते साल मी कसं काढलं, माझं मला ठावं. घास गोड लागंना.

कार्तिकात अकराव्या दिवशी ती डोहात गुडघाभर पाण्यात उभी व्हती. मी काडी मोडली. साल अलगद सुटली, पांढरा वाख बोटाला आला. ती माझ्या तोंडाकडं बघायली.

"काढ, कडू," मी म्हणलं. "आन थोडा राखून ठिव. तुझ्या घराच्या भिंतीला लागंल."